बंबावरचा गंज

रविवारी सकाळी ऋतुजा खानविलकर प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरली, आणि मधल्या टेबलावर ठेवलेला, स्वतः बनवलेला आगीचा छोटा बंब तिला क्षणभर ओळखूच आला नाही.

शनिवारी संध्याकाळी तिने तो तिथे ठेवला तेव्हा तो लालभडक होता. इतका गुळगुळीत, की छताच्या ट्यूबलाइटची रेघ त्याच्या दारावर सरळ उमटत होती, कुठे तुटत नव्हती. आज ती रेघ नव्हती. बिजागऱ्यांखालून तपकिरी ओघळ आले होते. चाकांना चिखल होता, टपावर काजळी, पितळी घंटा काळवंडलेली. आणि मागे, जिथे पंप होता, तिथे गंजाचे असे पोपडे धरले होते की बोट लावलं तर हाताला लागतील. काम अप्रतिम होतं. तिला त्याचाच जास्त संताप आला.

शेजारी निळी फीत लावली होती: सर्वोत्कृष्ट प्रतिकृती. आणि त्याखाली तिनेच छापून आणलेली पाटी: ‘सुधाकर खानविलकर यांचा बंब. बनवणार: ऋतुजा खानविलकर.’

“हे कोणी केलं?”

शेजारच्या टेबलावरची चादर सारखी करणारा अजिंक्य दचकला. क्लबातला तो तिच्यानंतरचा सदस्य, कॉलेज नुकतंच संपलेला. “ताई, मस्त झालंय ना? एकदम गजब दिसतंय. सकाळी परीक्षक आले ते इथून हलायलाच तयार नव्हते.”

“कोणी केलं, विचारलं मी.”

अजिंक्यने मान खाली घातली. “ताई, तुम्हाला माहीत आहे ना. ते सांगायचं नसतं.”

तिला माहीत होतं. क्लबात सगळ्यांनाच माहीत होतं.

क्लबाचं नाव ‘पैमाना’. भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या मागच्या गल्लीत एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत दर रविवारी ही मंडळी जमत. पैमाना म्हणजे माप, मोजपट्टी. पण गल्लीतल्या लोकांची पहिली काही वर्षं ठाम समजूत होती की आत बाटल्या उघडतात. बाटल्या उघडायच्याही, पण थिनरच्या. विमानं, रणगाडे, रेल्वे इंजिनं, जुन्या बसगाड्या, जे जे मोठं जगात आहे ते ते हे लोक तळहाताएवढं करत. नवीन माणूस आला की आधी कान उपटून शिकवायचे: रंग एकदम जाड मारायचा नाही, विरळ थर, वाळू दे, मग पुढचा. फवारणी बाथरूममध्ये, आणि फवारणीआधी फरशीवर पाणी मार, म्हणजे धूळ बसते. चिकटपट्टी रंग पुरता वाळायच्या आत काढ, नाहीतर कडा फाटतात. ऋतुजाला हे सगळं भराभर आलं, कारण हबीबगंजजवळच्या एका डेंटल लॅबमध्ये ती दिवसभर दातांच्या कवळ्या घासत असे. बंबाची चकाकी तिने लॅबमधल्या पॉलिशनेच आणली होती. वार्निशचा वापर केला नव्हता. नुसता रंग, आणि घासलेला हात.

क्लबाचे संस्थापक निनाद दिघे. मूळचे ग्वाल्हेरचे, बँकेतून निवृत्त, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादांची खासियत म्हणजे मौसम चढवणं. नवीकोरी दिसणारी प्रतिकृती त्यांना बघवत नसे. त्यावर ऊन, पाऊस, धूळ, गंज चढवला की ती खरी झाली, असं त्यांचं म्हणणं. आणि क्लबाची एक रीत होती. सदस्याची पहिली मोठी प्रतिकृती प्रदर्शनात जायची, त्याच्या आदल्या रात्री उस्ताद तिच्यावर आखरी हाथ फिरवत. का, किती, काही विचारायचं नाही. आणि आखरी हाथ कोणाचा, हे बाहेर कधी सांगायचं नाही. श्रेय पूर्ण सदस्याचं. उस्तादांचा मोठेपणा त्यात होता, आणि सगळे तो मानत. प्रतिकृती त्यांच्या हवाली करायची की नाही, हे सदस्याने ठरवायचं; करायची, तर म्हणायचं एवढंच: “मेरी तरफ से हो गया, उस्ताद.”

शनिवारी निघताना ऋतुजाला बाबांची औषधं घ्यायची होती, दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. पर्स खांद्याला लावता लावता ती मागे वळून म्हणाली होती, “माझ्याकडून झालंय, उस्ताद. निघते मी.”

तिला म्हणायचं होतं: झालं, संपलं, हात लावू नका. उस्तादांनी ऐकलं ते भलतंच.

आठवलं तसं तिच्या कानशिलांत गरम झालं. एका शब्दाने घात व्हायची खानविलकरांच्या घरातली ही पहिली वेळ नव्हती.

तिचे बाबा, सुधाकर खानविलकर, साताऱ्याहून भोपाळला आले ते गोविंदपुऱ्यातल्या एका खासगी कारखान्यात बंबाचे प्रमुख म्हणून. रोज सकाळी ते बंब धूत, घंटा चिंचेने घासत, पंप चालवून बघत. “मळका बंब म्हणजे झोपलेली माणसं,” असं त्यांचं म्हणणं. मग एका उन्हाळ्यात कारखान्याचं पॅकिंगचं गोदाम पेटलं. बंब वेळेवर पोचला, पंप सुरू झाला, पण पाणी ओढणार कुठून? जमिनीखालची टाकी कोरडी ठणठणीत. गोदाम राख झालं. चौकशी बसली. टाकी कोरडी का होती, हा प्रश्न कोणालाच परवडणारा नव्हता. गोदामाचे इनचार्ज रघुवंशी यांनी सांगितलं, पंप जाम झाला होता, गाडीला जंग लागला होता.

मग चौकशीच्या साहेबाने बाबांना विचारलं, “सुधाकर, उस दिन गाड़ी पर जंग था?”

बाबांची हिंदी तेव्हा नवी होती. गंज म्हणजे हिंदीत जंग, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जंग म्हणजे लढाई, एवढंच मराठी कानाला कळलं. साहेब आपल्या झुंजीबद्दल विचारतोय असं वाटून ते छाती पुढे काढून म्हणाले, “था साहब! बहुत जंग था!”

झालं. कबुली. बाबांची बदली गेटवर झाली. आणि कारखानाभर त्यांचं नाव पडलं, जंगबहादूर. गेटमधून आत जाणारा प्रत्येक जण हसून म्हणायचा, क्यों जंगबहादुर. नंतर कारखाना बंद पडला, माणसं पांगली, पण इंद्रपुरीच्या बाजारात अजूनही कोणीतरी भेटायचं आणि तेच म्हणायचं.  बाबांनी बाजारात जाणं सोडलं.

बंब बनवायला ऋतुजाने घेतला तो म्हणूनच. एका जुन्या फोटोवरून आणि बाबांच्या तोंडून, शिडीच्या कड्यांपासून पाइपाच्या घडीपर्यंत. आग लागली त्या सकाळी तो जसा उभा होता, तसा. बाबांनी तो पूर्ण झालेला पाहिला नव्हता. “प्रदर्शनातच बघीन,” म्हणाले. आणि मग, जे त्यांनी इतक्या वर्षांत केलं नव्हतं, ते केलं. कारखान्याच्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जिथे ते कधी एक अक्षर लिहीत नसत, स्वतःहून निमंत्रण टाकलं. “रघुवंशीलाही सांगितलंय,” म्हणाले. “येऊ दे. बघू दे डोळ्यांनी, बंब कसा होता.”

ते सगळे अकराला येणार होते.

उस्ताद दारातून आले ते हसतच. हातात चहाचा कागदी कप. “काय मग, विजेती? मिठाई कधी?”

“उस्ताद, हे काय केलंत?”

“मी?” उस्तादांनी दोन्ही हात वर केले. “मी काय केलं? सगळं तुझंच आहे, बेटा.”

“नाटक नको. हे तुम्ही केलंय. का केलंत?”

उस्तादांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “हळू बोल. अगं, बंब छानच होता, पण खिलौना वाटत होता. दुकानातल्या काचेतला. आग विझवायला जाणारी गाडी अशी नवरीसारखी नटून जाते का? तिच्यावर काही गुजरलेलं दिसायला नको?”

“माझ्या बाबांचा बंब असाच नटलेला असायचा.”

“असेल. पण बघणाऱ्याला ते खरं वाटायला हवं ना.”

“खरं वाटायला?” ऋतुजाचा आवाज चिरला. “उस्ताद, मी तुम्हाला सांगितलं होतं. गोदामाची आग, चौकशी, सगळं सांगितलं होतं. आपल्या क्लबातच, पुट्टी लावता लावता.”

“सांगितलं होतंस की,” उस्ताद म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. “म्हणून तर! आगीत गेलेली गाडी, तिची कहाणी दिसायला हवी. मी पंपावर खास मेहनत घेतली. तू पंपाचं बोलली होतीस ना काहीतरी.”

काहीतरी. ऋतुजाने टेबलाची कड धरली. हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. त्याला दोन शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. ह्याने कान अर्धे उघडे ठेवून ऐकलं, आणि उरलेलं आपल्या हौसेने भरून काढलं. चौकशीवाल्या साहेबाने तरी दुसरं काय केलं होतं?

“हे निघतं कशाने?”

“निघतं? का काढायचंय?” उस्तादांना आता प्रथमच काहीतरी बिनसल्याचा वास आला. “नाही निघणार. वरून मॅट वार्निश मारलंय. आणि तू खाली वार्निश मारलं नव्हतंस, हे चुकलंच तुझं. शंभरदा सांगतो मी, रंगावर आधी चकचकीत वार्निशचा थर द्या, म्हणजे वरचं बिघडलं तर पुसता येतं.”

“वरचं बिघडवायला कोणी येणार आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?”

तिने बंब उचलायला हात घातला. उस्तादांनी तिचं मनगट धरलं. “अगं, काय करतेस? निकाल लागलाय. पेपरवाले येतायत. मधलं टेबल रिकामं ठेवू?”

“माझा आहे तो. मी नेणार.”

“प्रदर्शन संपल्यावर ने ना. बेटा, सगळ्यांसमोर तमाशा...”

“ऋतू.”

अकराला पुष्कळ अवकाश होता. पण बंबाची नोकरी केलेला माणूस कुठे वेळेवर पोचतो? तो आधीच पोचतो. बाबा दारात उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी, केस पाण्याने बसवलेले. आणि त्यांच्या मागे, गेटवर गाठ पडलेली दिसत होती, जुन्या कारखान्याचे दोघेतिघे म्हातारे. त्यांत सगळ्यांत ठणठणीत रघुवंशी, रंगवलेल्या मिशीतून हसत.

ऋतुजा टेबलासमोर आडवी आली. “बाबा, जरा बाहेर बसू या. मला तुमच्याशी...”

“बसू नंतर. आधी बघू दे.” बाबांनी तिला हलकेच बाजूला केलं.

ते बघत राहिले. हॉलमध्ये पोरं ओरडत होती, कोणीतरी विमान पाडल्यामुळे कोणालातरी दटावत होतं, आणि ते बघत राहिले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग वाकले, पंपापाशी.

रघुवंशी त्यांच्या खांद्यावरून डोकावले आणि खदखदून हसले, दोस्ताला मारायची भोपाळी ‘खां’ची हाक देत. “क्यों खां, जंगबहादुर! देख लो. इतने साल तुम नहीं माने, बिटिया ने मान लिया. क्या जंग लगाया है, वाह! बिल्कुल वैसा ही.”

बाकीचे म्हातारेही हसले. त्यांना त्यात फारसं वाईट वाटण्यासारखं दिसलं नाही. जुना विनोद होता, सवयीचा.

बाबा सरळ झाले. त्यांनी पाटी वाचली, ओठ हलवत, दोनदा. मग मुलीकडे बघितलं. “ऋतू, तुलाही असंच वाटत होतं होय?”

“नाही, बाबा! हे मी केलेलं नाही.”

“तुझं नाव आहे.”

“मी केला तेव्हा तो लाल होता. स्वच्छ होता. हे सगळं ह्यांनी केलंय, उस्तादांनी. सांगा ना त्यांना!”

उस्ताद पुढे आले. हात जोडले. आणि आयुष्यभराच्या सवयीने, अगदी मनापासून, त्यांनी तेच केलं जे ते प्रत्येक सदस्याच्या आईवडिलांसमोर करत आले होते. “खानविलकर साहेब, मुलगी नाही, हिरा आहे. विनम्र आहे, म्हणून असं बोलते. मी बोटसुद्धा लावलेलं नाही. हा बंब शंभर टक्के हिचाच.”

बाबांची नजर उस्तादांवरून ऋतुजावर आली आणि खाली गेली. चौकशीहून घरी आले होते त्या संध्याकाळी ते असेच दिसले होते. ऋतुजा तेव्हा लहान होती, पण तो चेहरा ती विसरली नव्हती.

“उस्ताद,” ती म्हणाली, “खरं सांगा.”

“बेटा, रीत आहे,” ते पुटपुटले. “आजवर कधी कोणाच्या बाबतीत...”

“रीत गेली खड्ड्यात!”

हॉलमधले सगळे वळले. पोरंसुद्धा.

शेजारच्या टेबलावर अजिंक्यने ब्रश धुऊन दाखवायला थिनरची वाटी भरून ठेवली होती. ऋतुजाने ती ओढून घेतली, कापसाचा बोळा बुचकळला आणि बंबाच्या दारावर दाबला. घासायला लागली. आधी मॅट वार्निश पांढरं फुटलं. मग गंज निघाला, आणि गंजाबरोबर लाल रंगही. कापूस विटकरी झाला. दाराच्या मधोमध खालचं करडं प्लास्टिक दिसायला लागलं. कोणीतरी मोबाइल वर धरला. कोणीतरी म्हणालं, अरे अरे. तिने दुसरा बोळा घेतला. आता पाठीमागची बाजू. आता पंप.

“अगं, पंप नको!” उस्ताद ओरडले. त्यांचा आवाज एकदम पोरासारखा पातळ झाला. “छोड़! पंपाला हात नको लावू! रात्रभर जागून चढवलाय मी तो गंज, एकेक पोपडा सुईने...”

आणि थांबले.

ऋतुजाही थांबली. कापसातून थिनर तिच्या बोटांवर उतरत होतं. तिने वर बघितलं नाही.

बाबांनी काठी जमिनीवर टेकवली. “काय म्हणालात?”

उस्तादांनी ओठांवरून जीभ फिरवली. “खानविलकर साहेब, ते... आमची एक पद्धत आहे...”

“पद्धत नंतर. आत्ता काय म्हणालात, ते परत म्हणा. आणि हिंदीत म्हणा. ह्यांना मराठी येत नाही.” त्यांनी मान न वळवता काठीने मागे रघुवंशींकडे दाखवलं.

“अशा सगळ्यांसमोर...”

“मी सगळ्यांसमोरच म्हणालो होतो. चुकीचं म्हणालो होतो. तुम्ही बरोबर म्हणा.”

उस्तादांच्या हातातला कागदी कप दबला गेला. निळ्या फितीकडे त्यांनी एकदा पाहिलं. “जंग मैंने लगाया,” ते म्हणाले. मग, बाबा अजून बघतच होते म्हणून, मोठ्याने, “गाड़ी साफ थी. बिटिया ने साफ ही बनाई थी.”

“सुना?” बाबा वळले.

रघुवंशींनी मिशीवरून हात फिरवला. “अरे यार सुधाकर, खिलौना है. खिलौने पे इतना क्या गरम होना.”

“खिलौने पे नहीं हो रहा.” बाबांची हिंदी आता भोपाळचीच होती, तिच्यात साताऱ्याचा एकही काटा उरला नव्हता. “उस दिन मुझे जंग का मतलब नहीं मालूम था. तुझे मालूम था. मैं ‘था, था’ बोल रहा था और तू सामने बैठा सुन रहा था. तूने बोला क्यों नहीं कि साहब, ये समझा नहीं?”

“पुरानी बात है...”

“गेट पे मैंने कितनी गर्मियाँ निकालीं, तू रोज हँस के अंदर गया. तब पुरानी नहीं थी.” बाबांचा आवाज चढत गेला. ऋतुजाने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. घरात कधी, कोणावर, तो निघाला नव्हता. कपाळावरची शीर तट्ट फुगली होती. “टंकी में पानी था क्या? पूरा हॉल सुन रहा है. बोल. पानी था?”

रघुवंशी सोबतच्या म्हाताऱ्यांकडे वळले. ते दोघे बाजूच्या टेबलावरच्या विमानाची फारच बारकाईने पाहणी करत होते.

“चलता हूँ मैं,” रघुवंशी म्हणाले. “तबीयत...”

“बैठ.” बाबांनी काठीच्या टोकाने एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्यांच्यापुढे सरकवली. “शाम तक चालू है प्रदर्शनी. जवाब देके जा.”

उस्ताद हळूच मागे सरकू लागले होते. “तुम्हीसुद्धा थांबा,” ऋतुजा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “आणि ती फीत काढा आधी.” आणि ताजा कापूस बुचकळून तिने पंप घासायला घेतला.